लाकडी कॅनोपीत मेटल हॅलाइड बसवायचाय? आधी हवा, मग दिवा

एलईडी आल्यापासून बऱ्याच मत्स्यटाकीवाल्यांनी आपले जुने मेटल हॅलाइड दिव्यांचे सेट काढून टाकले आणि ते सेट आता हातोहाती फिरतायत. कुणाला मित्राकडून मिळतो, कुणाला जुन्या टाकीबरोबर येतो. उजेड खाली वळवणारा मोठा रिफ्लेक्टर, विटेसारखा जड चोक, एक लांबडा बल्ब. घरी टाकीवर सुंदर लाकडी कॅनोपी असतेच, म्हणजे टाकीच्या वरची ती झाकणासारखी पेटी, मग वाटतं की चार स्क्रू मारले की झालं. आणि मग रात्री झोपताना डोक्यात किडा वळवळतो, की बाबा लाकडाच्या पेटीत एवढा तापणारा दिवा, खाली पाणी, मध्ये वायरी, हे पेटणार तर नाही ना?

नीट बसवलं तर पेटत नाही. पण "नीट" म्हणजे काय ते कळायला हा दिवा कसा चालतो ते आधी बघावं लागेल, कारण साध्या बल्बचा अनुभव इथे काहीच कामाला येत नाही.

हा दिवा म्हणजे नक्की काय

साध्या जुन्या बल्बमध्ये तार तापते आणि उजेड पडतो. मेटल हॅलाइडमध्ये तार नसतेच. आत क्वार्ट्झची एक छोटी नळी असते, बोटाच्या पेराएवढी किंवा थोडी मोठी, त्यात आर्गॉन वायू, थोडा पारा आणि काही धातूंचे क्षार भरलेले असतात. या क्षारांनाच हॅलाइड म्हणतात, धातू अधिक आयोडीन किंवा ब्रोमीन असं ते संयुग. नळीच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पडते आणि ती तशीच टिकून राहते, आकाशातली वीज चमकून जाते ना, तशी वीज नळीत कोंडून तासन् तास पेटती ठेवल्यासारखं. त्या उष्णतेने पारा आणि क्षार वाफ होतात आणि प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा उजेड देतो, सगळे मिळून पांढरा.

कल्पना तशी जुनी आहे. चार्ल्स स्टाइनमेट्झने १९१२ मध्येच पाऱ्याच्या दिव्यात हॅलाइड घालण्याचं पेटंट घेतलं होतं, पण वापरण्याजोगा दिवा जनरल इलेक्ट्रिकच्या गिल्बर्ट रायलिंगने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केला. मुळात हे दिवे स्टेडियम, गोदामं, रस्ते यांच्यासाठी. मत्स्यटाकीवाल्यांनी ते नंतर उचलले, कारण समुद्री कोरलना, म्हणजे प्रवाळांना, ऊन लागतं आणि छोट्या जागेतून एवढं ऊन पाडणारं दुसरं काही तेव्हा नव्हतंच.

आता महत्त्वाचा आकडा. चालू असताना आतली नळी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. बाहेरची काच काही दिव्यांत ४०० अंशाच्या आसपास जाऊ शकते. ही वस्तू तुम्ही लाकडी पेटीत ठेवणार आहात, एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप पटत जातं.

चोक कशाला लागतो, सरळ प्लगला लावला तर?

तर काही क्षणांत बल्ब फुटेल किंवा फ्यूज उडेल. ठिणगीचा स्वभाव उलटा आहे, जितका करंट वाढतो तितकी ती अजून करंट खेचते, उतारावर ब्रेक नसलेल्या सायकलसारखी. बॅलास्ट, म्हणजे आपला चोक, हा त्या सायकलचा ब्रेक. आणि ठिणगी मुळात पडावी म्हणून बऱ्याच सेटमध्ये इग्नायटर असतो, तो सुरू होताना हजारो व्होल्टचे छोटे झटके देतो, साधारण ३ ते ५ हजार. हो, हजार. हे झटके क्षणभराचेच असतात पण त्यांच्यासाठी होल्डर आणि वायर त्या जातीची लागते, घरातली उरलेली पंख्याची वायर चालत नाही. याच्यावर पुढे येतोच.

बल्ब आणि चोक जोडीचे हवेत. २५० वॅटचा बल्ब म्हणून २५० चा कुठलाही चोक, असं नाही. एका टोकाचा आट्यांचा बल्ब आणि दोन टोकांचा बल्ब (याला बाजारात एचक्यूआय म्हणतात) यांचे २५० वॅटचे चोकसुद्धा वेगळे असतात. अमेरिकन पद्धतीच्या चोकवर एम५८ लिहिलेलं असेल तर तो पहिल्या जातीचा, एम८० असेल तर दुसऱ्या. चुकीची जोडी लावली तर बल्ब पेटतोही कदाचित, पण कमी किंवा जास्त करंटवर चालतो, रंग बिघडतो, आयुष्य घटतं. सेकंडहँड सेट घेताना म्हणूनच चोकवरचं लेबल आधी वाचायचं, ते फाटलेलं असेल तर तो चोक मी तरी घेणार नाही.

वीज गेली आणि आली, पण दिवा लागतच नाहीये

बिघडलेला नाहीये, गार होऊ द्या. तापलेल्या नळीत दाब इतका असतो की इग्नायटरचा झटका अपुरा पडतो, १० ते १५ मिनिटं थांबावंच लागतं, मग परत हळूहळू ३-४ मिनिटांत पूर्ण उजेड. २०१३ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना चालू असताना वीज गेली होती आणि खेळ ३४ मिनिटं थांबला, त्यात या जातीच्या दिव्यांना परत पेटायला लागणारा वेळही होता. तुमच्या टाकीवर तेच घडतं, फक्त प्रेक्षक मासे. लोक मात्र घाबरून खटाखट बटण चालू बंद करत बसतात, तेवढं करू नका.

पण एलईडी असताना हे कशाला?

रास्त प्रश्न. विजेचं बिल, उष्णता, बल्ब बदलणं, तिन्ही बाबतीत एलईडी पुढे आहे आणि नवीन कुणी विचारलं तर मी एलईडीच घे म्हणेन. तरीपण हॅलाइडचे चाहते आहेत आणि ते निव्वळ हट्टी नाहीत. एकाच छोट्या बिंदूतून येणारा उजेड पाण्याच्या लाटांतून वाकतो आणि तळावर त्या नाचणाऱ्या रेघा पडतात, उथळ समुद्रात दिसतात तशा. शिवाय चांगल्या रिफ्लेक्टरने उजेड सगळीकडून पसरतो, कोरलच्या फांद्यांखाली एकदम काळोखी सावली पडत नाही, आणि रंगांचा पट्टा बऱ्यापैकी सलग असतो. ज्याच्याकडे सेट आधीच पडून आहे त्याला हे पुरेसं कारण आहे.

फक्त मासे असतील, कोरल नसतील, दाट झाडं नसतील, तर मात्र हा दिवा लावूच नका. माशांना त्याची गरज नाही, पाणी तापेल आणि शेवाळ माजेल.

उष्णता जाते कुठे? थोडं गणित

समजा चार फुटी टाकी, म्हणजे १२० सें.मी., त्यात ३०० लिटर पाणी आणि वर २५० वॅटचे दोन बल्ब. एकूण ५०० वॅट. यातला साधारण चौथा हिस्सा दिसणारा उजेड होतो, बाकी उष्णता. पण तो उजेडही शेवटी पाण्यात, दगडांत, लाकडात शोषला जाऊन उष्णताच होतो, म्हणजे हिशोबाला ५०० वॅटचा हीटर कॅनोपीत बसलाय असंच धरायचं.

दिवसाला ९ तास चालवले तर साडेचार युनिट. त्यातला तिसरा हिस्सा पाण्यात उतरला असं धरलं तर दीड युनिट, आणि दीड युनिट उष्णता ३०० लिटर पाण्याचं तापमान जवळजवळ ४ अंशांनी वाढवू शकते, जर ती कुठेच निसटली नाही तर. टाकी २६ वर असेल तर ३० वर जाईल. कोरलना ३० च्या पुढे त्रास सुरू होतो, त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकली जातात आणि कोरल पांढरं पडतं. म्हणजे आग वगैरे नंतरची गोष्ट, कोंडलेल्या हवेचा पहिला बळी टाकीतला जीव असतो.

सुदैवाने उष्णता निसटते, आणि निसटण्याचा सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे बाष्पीभवन. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे पाऊण युनिटला थोडी कमी एवढी उष्णता घेऊन जातं, अंगावरचा घाम वाऱ्याने सुकला की गार वाटतं ना, तेच. दोन-सव्वादोन लिटर पाणी उडालं की वरचं दीड युनिट फिटलं. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून समुद्री टाकीत रोज गोडं, शुद्ध केलेलं पाणी भरत राहायचं, खारं भरलं तर खारटपणा चढत जाईल. आणि दमट हवेत हा रस्ता बराच बंद असतो, तेव्हा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) किंवा दिव्याचे कमी तास हेच उपाय उरतात.

लाकूड पेटेल का?

लाकूड साधारण २५० ते ३०० अंशाला पेट घेतं. कॅनोपीची आतली हवा तेवढी कधीच तापत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. इथेच फसगत होते. धोका हवेच्या तापमानाचा नसून एखाद्या ठिकाणाचा आहे, बल्बच्या टोकाजवळची फळी, होल्डरच्या मागची पट्टी, रिफ्लेक्टर जिथे लाकडाला टेकलाय तो भाग. असं ठिकाण महिनोन्महिने तापत राहिलं की लाकूड वाळतं, तपकिरी पडतं, मग कोळशाकडे झुकायला लागतं, आणि असं भाजत आलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा लवकर पेट घेतं. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. आठ महिन्यांनीही होत नाही. म्हणून "माझ्याकडे इतकी वर्षं चाललंय" या वाक्यावर फार विसंबू नये.

माझ्या पहिल्या कॅनोपीत होल्डर थेट प्लायला स्क्रूने मारला होता, तेव्हा तेवढंच सुचलं. वर्षभराने बल्ब बदलायला काढला तर मागे चहाच्या कपाचा असतो तसा गोल तपकिरी डाग, आणि त्या जागी प्लायचा वरचा पापुद्रा सुटलेला. त्या दिवसापासून होल्डर आणि लाकूड यांची गाठ पडू द्यायची नाही हा नियम झाला.

उपाय साधा आहे. रिफ्लेक्टर आणि होल्डर आडव्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर टांगायचे, ती पट्टी कॅनोपीच्या दोन बाजूंना टेकेल. रिफ्लेक्टरचा माथा आणि वरची फळी यांच्यात निदान ५ सें.मी. मोकळी हवा. आणि वरच्या फळीच्या आतल्या अंगाला अॅल्युमिनियमचा पत्रा, पण चिकटवून नाही, एक-दीड सें.मी.चे तुकडे मध्ये घालून उचललेला. पत्रा थेट लाकडाला चिकटवला तर तो उष्णता सरळ लाकडात देतो, मध्ये हवा खेळली की तो ढाल होतो. कपड्याला इस्त्री टेकवणं आणि दोन बोटं वर धरणं यातला फरक.

माझी मर्यादा अशी, की लाकडाच्या कुठल्याही बिंदूला ६० अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही. लाकूड त्याहून बरंच सहन करतं पण प्लायचा गोंद, रंग आणि माझी झोप सहन करत नाहीत.

दिवा पाण्यापासून किती वर?

१५० वॅटला १५ ते २० सें.मी., २५० ला २० ते २५, ४०० ला २५ ते ३० किंवा जास्त. जवळ आणला तर उजेड वाढतो, नुसत्या बल्बचा तर अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा होतो, रिफ्लेक्टर असेल तर घट एवढी तीव्र नसते. पण जवळ आणलं की शिंतोडे उडतात आणि पाणी तापतं.

आता या आकड्यांवरून कॅनोपीची उंची काढा. पाणी टाकीच्या काठाच्या ४ सें.मी. खाली, बल्ब पाण्याच्या २२ वर, म्हणजे काठाच्या १८ वर. त्यावर रिफ्लेक्टरचे ८, त्यावर मोकळी हवा ५. झाले ३१. म्हणजे आतून ३० सें.मी.पेक्षा ठेंगणी कॅनोपी २५० वॅटला पुरत नाही, आणि शोभेच्या म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कॅनोपी १५-२० च्याच असतात, त्या ट्यूबलाइटसाठी बनवलेल्या. त्यांच्यात कोंबायचा मोह होतो. नको. उंची वाढवता येत नसेल तर ७० किंवा १५० वॅटवर या, नाहीतर कॅनोपी काढून दिवा छताला टांगा, खरं तर तांत्रिकदृष्ट्या तेच सगळ्यात बरं आहे पण मग डोळ्यावर उजेड येतो आणि घरचे ओरडतात.

लांबीचा हिशोब सोपा, ६० सें.मी.ला एक बल्ब. चार फुटी टाकीला दोन, एका टोकापासून ३० आणि ९० वर. मध्यावर जी आडवी काचेची पट्टी असते तिच्यावर बल्ब येता कामा नये, सावलीही पडते आणि एकाच जागी तापून ती पट्टी तडकू शकते.

फॅन लावला की झालं ना?

अर्धं झालं. हवेला आत यायला वाट आहे का ते आधी बघा. बंद बाटलीत फुंकर मारून बघा, काही जात नाही, तसाच बंद पेटीतला फॅन नुसता गरगरतो.

हिशोबासाठी एक सूत्र पुरतं, वॅट गुणिले ३ भागिले किती अंशांची वाढ चालेल, उत्तर येतं तासाला किती घनमीटर हवा लागेल ते. ५०० वॅट, आणि खोलीपेक्षा १० अंश जास्त चालतील असं धरलं तर १५० घनमीटर. कॉम्प्युटरचा १२० मि.मी.चा फॅन लेबलवर १०० च्या आसपास सांगतो, पण ते मोकळ्या हवेतलं, पेटीत बसवल्यावर निम्मं धरा. म्हणजे दोन नाही, तीन फॅन. किंवा सगळ्यात स्वस्त उपाय, कॅनोपीची मागची फळी लावूच नका. मागून कोण बघतंय? मागची बाजू पूर्ण उघडी असेल तर गरम हवा आपोआप वर चढून निघून जाते आणि फॅनचं काम अर्धं होतं. मागे भिंत असेल तर ८-१० सें.मी. अंतर सोडा.

फॅनने हवा आत ढकलायची का बाहेर ओढायची यावर लोक तावातावाने भांडतात. मी आत ढकलणाऱ्यांच्या बाजूचा आहे, कारण बाहेर ओढणाऱ्या फॅनमधून गरम, दमट, खारी हवा जाते आणि त्याचं बेअरिंग काही महिन्यांत खरखरायला लागतं. आत ढकलणारा फॅन खोलीतली कोरडी हवा खातो, जास्त जगतो, आणि वारा पाण्याच्या पृष्ठभागावर मारला की बाष्पीभवनही वाढतं. मात्र वारा थेट बल्बवर मारायचा नाही, तापलेली काच एका बाजूने गार झाली की बल्बचा रंगही डळमळतो.

फॅन १२ व्होल्टचे घ्या आणि त्यांचा अॅडॅप्टर टाकीपासून दूर. दिवे लागायच्या आधी फॅन सुरू आणि दिवे विझल्यावर १५-२० मिनिटं चालू, कारण विझलेला बल्ब लगेच गार नसतो.

आणि फॅनच बंद पडला तर? हा प्रश्न फार कमी जण विचारतात. फॅन बंद पडल्याचं कळत नाही, दिवा मात्र आरामात चालू राहतो. म्हणून कॅनोपीच्या आत वरच्या बाजूला एक थर्मल कटऑफ बसवा, ठरलेल्या तापमानाला आपोआप सर्किट तोडणारा छोटा स्विच, गीझरमध्ये असतो त्याच जातीचा. ७० अंशाचा घेतला तर चालेल. तो चोककडे जाणाऱ्या बाजूला जोडायचा, चोक आणि बल्ब यांच्यामध्ये नाही, तिथे ते हजारो व्होल्टचे झटके असतात.

मधली काच काढली तर जास्त उजेड मिळेल ना?

मिळेल, थोडासा. आणि दोन टोकांचा बल्ब असेल तर त्याबरोबर अतिनील किरणंही मिळतील. एका टोकाच्या बल्बला बाहेरचं काचेचं वेष्टण असतं ते ही किरणं अडवतं, दोन टोकांच्या बल्बला ते तसं नसतं म्हणून खाली काच हवीच हवी, उष्णता सोसणारी टफन केलेली. काच काढून चालवलेल्या अशा दिव्याखाली कोरल भाजतात, आणि तुम्ही टाकीत हात घालून अर्धा तास काम केलंत तर हाताची कातडी भाजते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, तीही लगेच नाही तर काही तासांनी, म्हणून कारण लक्षातच येत नाही. एका टोकाच्या बल्बचं बाहेरचं वेष्टण फुटलं आणि आतली नळी तरी चालू आहे असंही होऊ शकतं, तेव्हा बघत उभं न राहता बंद करायचा.

काचेचा दुसरा उपयोग, शिंतोडा. ४०० अंशावरच्या बल्बवर पाण्याचा एक थेंब पुरे, तडकलाच. आणि क्वचित का होईना आतली नळी आयुष्याच्या शेवटी फुटते तेव्हा ते तापलेले तुकडे काचेवर पडतात, टाकीत नाही.

काचेवर मिठाचा पांढरा थर चढतो तो आठवड्याला पुसायचा, दिवा पूर्ण गार असताना. उजेड कमी झाला म्हणून बल्ब बदलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधी काच पुसायला हवी असते. आणि क्वार्ट्झच्या बल्बला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, बोटाचं तेल तापून काचेवर डाग पडतो आणि तिथून ती खराब होत जाते. लागलाच तर स्पिरिटने पुसून घ्या.

वायरिंग, जिथे हौस बाजूला ठेवायची

हा भाग मी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतो आणि तुम्हीही घ्या. त्याला काय सांगायचं ते मात्र माहीत हवं. होल्डर चिनी मातीचा. कॅनोपीच्या आतली वायर सिलिकॉनच्या आवरणाची, १८० अंश सोसणारी आणि इग्नायटरच्या झटक्याच्या व्होल्टेजला चालणारी, साधी पीव्हीसीची वायर ७० अंशापर्यंतच असते आणि कॅनोपीत काही महिन्यांत कडक होऊन तडकते. रिफ्लेक्टर, पट्टी, पत्रा, जे जे धातूचं ते सगळं अर्थिंगला जोडलेलं. सगळ्या टाकीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, पण तो आहे म्हणून बाकी ढिलाई नको, काही चोकच्या रचनेत बल्बच्या बाजूची गळती त्याला कळतच नाही. वायर प्लगपर्यंत जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर चढलेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

झाकण उघडलं की दिवा बंद करणारा स्विच लावता आला तर उत्तम, फ्रिजमध्ये असतो त्याच्या उलट. टायमर छोटा नको, चोक सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो आणि स्वस्त टायमरचे संपर्क चिकटून बसतात, मग दिवे रात्रभर चालू. दोन बल्बांमध्ये १५-२० मिनिटांचं अंतर ठेवा.

चोक कॅनोपीतच ठेवला तर वायर वाचेल की

वायर वाचेल, बाकी सगळं जाईल. चुंबकीय चोक कित्येक किलोचा, वर स्वतःच गरम, २५० वॅटच्या बल्बला तो भिंतीतून २८०-२९० वॅट ओढतो आणि वरचे सगळे त्याची स्वतःची उष्णता. तो खाली, टाकीच्या स्टँडबाहेर किंवा हवेशीर कप्प्यात, जमिनीपासून थोडा उचलून, पत्र्यावर किंवा सिमेंट बोर्डवर. पाणी सांडलं तर त्याच्यावर येणार नाही अशा जागी. वायर किती लांब चालेल ते इग्नायटरवर लिहिलेलं असतं, काहींना दीड-दोन मीटरच चालते, तेवढं बघून जागा ठरवा.

कॅनोपी कशाची

उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचं प्लाय किंवा सागासारखं लाकूड. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, नको, ते दमट हवेत फुगून बिस्किटासारखं सुटतं. आतून, घराच्या बाहेरच्या भिंतींना लावतात तो पांढरा रंग दोन-तीन हात आणि कापलेल्या कडांना एक जास्त, कारण पाणी शिरतं ते कडांतून. आत स्क्रू, बिजागऱ्या स्टेनलेसच्या. पितळेचे दिसतात छान, पण त्यातलं तांबं ओघळून टाकीत गेलं तर कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळ्यांना विष, जस्ताचा मुलामा असलेल्यांचंही तेच.

पहिल्या दिवशी काय करायचं

सुट्टीचा दिवस निवडा. डिजिटल थर्मामीटरचे सेन्सर चिकटपट्टीने लावा, एक बल्बच्या बरोबर वर लाकडावर, एक होल्डरजवळच्या फळीवर, एक पाण्यात. दिवे लावून चार तास घरीच बसा आणि दर अर्ध्या तासाने आकडे लिहा. पहिले दोन तास चढतील, मग सपाट व्हायला हवेत. चौथ्या तासालाही चढतच असतील तर हवा कमी पडतेय, अजून एक भोक पाडा. मग मुद्दाम फॅन बंद करून शेजारी उभं राहून बघा की कटऑफ खरंच तोडतो का. ही चाचणी बहुतेक जण टाळतात, बसवलेला कटऑफ चालतो असं गृहीत धरतात. दोन आठवड्यांनी दिवा उतरवून मागचं लाकूड डोळ्यांनी बघा, डाग, वास, रंगाचे फुगे. खोलीच्या छताला एक स्मोक अलार्म लावून टाका.

टाकीत आधीपासून कोरल असतील तर पहिल्याच दिवशी ९ तास नको. ट्यूब किंवा मंद एलईडीखालून आलेले जीव आहेत, उन्हाची सवय नाही. दोन-तीन तासांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या, किंवा काच आणि पाणी यांच्यात बारीक जाळीचे दोन-तीन थर टाकून आठवड्याला एकेक काढा.

बल्ब विकत घेताना केल्विनचा आकडा दिसेल, तो उजेडाच्या रंगाचा. ६५०० दुपारच्या उन्हासारखा, १०००० स्वच्छ पांढरा, १४००० आणि २०००० निळसर ते निळा. निळा दिसायला देखणा पण तेवढ्याच वॅटमध्ये वाढीला लागणारा उजेड साधारण कमी मिळतो, पहिल्यांदा घेत असाल तर १०००० घ्या. समुद्री टाकीवर बल्ब ९ ते १२ महिन्यांत बदलतात, तो चालू दिसत असला तरी उजेड घटतो आणि रंग पिवळट बाजूला सरकतो. बसवल्याची तारीख मी रिफ्लेक्टरच्या मागे मार्करने लिहितो. नवीन बल्ब लावला की जाळी पुन्हा एक-दोन आठवडे टाकायची, कारण कोरलच्या दृष्टीने तो एकदम कडक ऊन झालेला असतो. जुना बल्ब कचऱ्याच्या डब्यात नाही टाकायचा, आत पारा असतो, खोक्यात गुंडाळून ई-कचऱ्यात द्यायचा. आणि घरातच फुटला तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर जा, मग हातमोजे घालून पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने तुकडे गोळा करा, झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही लांब ठेवा.